बॉर्डरला मेमरी नसते

आमच्या घरात आईच्या भजनांची एक कॅसेट होती, तिची दुसरी बाजू कुणी लावायची नाही असा दंडक होता. एका एकादशीला ती चुकून लागली. विठ्ठलाच्या जागी टेपमधून अशा काही किंकाळ्या फुटल्या की आत्या हातातलं फराळाचं ताट घेऊनच उठली. त्या किंकाळ्या माझ्या होत्या. म्हणजे माझ्या प्रोग्रॅमच्या. कोऱ्या कॅसेटला पैसे कोण देणार, म्हणून मी आईच्या भजनांच्या पाठीवर माझे आकडे साठवत होतो.

साल १९८८. मी नववीत, घर बेळगावात शहापूरला. गल्लीत दिवसभर मागांची खडखड, आणि वीज कधी जाईल ते सांगता यायचं नाही. पुण्याच्या मामानं त्याच्या मुलांसाठी एक कॉम्प्युटर घेतला होता. मुलांनी महिनाभर त्यावर विमानं उडवली आणि सोडून दिला. मामानं तो खोक्यासकट आमच्याकडे आणून टाकला. डीबी स्पेक्ट्रम प्लस. इंग्लंडात सिंक्लेअरनं १९८२ मध्ये काढलेल्या स्पेक्ट्रमचा हा पुढचा अवतार. पुण्याची डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स तो १९८६ पासून परवान्यानं विकत होती. काळा, वहीएवढा, कीबोर्डातच सगळा कॉम्प्युटर. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा, साठवायला घरचा टेप. आत झेड-८० हा आठ बिटांचा प्रोसेसर, वेग साडेतीन मेगाहर्ट्झ, मेमरी ४८ के, म्हणजे किलोबाइट. आज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर जे गुलाबाचं फूल येतं, ते ह्यात मावणार नाही.

मामानं सोबत मॅन्युअलची झेरॉक्स दिली होती, तीही झेरॉक्सची झेरॉक्स. तिच्या शेवटी एक तक्ता होता. शून्यापासून २५५ पर्यंतचे आकडे, प्रत्येकासमोर कीबोर्डावरचं अक्षर, आणि त्याच्या शेजारी बारीक टायपात आणखी काहीतरी. एलडी, आयएनसी, जेआर, आरईटी. हे काय आहे ते सांगणारं बेळगावात मला कुणी माहीत नव्हतं. बेसिक ह्या मशीनच्या नेहमीच्या भाषेत लिहिलेलं प्रोसेसरला थेट कळत नाही, मध्ये एक दुभाषा बसलेला असतो, आणि हे बारीक टायपातलं म्हणजे दुभाष्याला उठवून प्रोसेसरशी त्याच्याच भाषेत बोलणं, एवढं उमगायला मला दिवाळीची अख्खी सुट्टी लागली.

ह्या भाषेला असेंब्ली म्हणतात. ती कुणी विचारली तर मी अजूनही मिसळणाचा डबा दाखवतो. झेड-८० मध्ये रोजच्या वापराच्या सात वाट्या: ए, बी, सी, डी, ई, एच, एल. एका वाटीत शून्य ते २५५ मधला एकच आकडा मावतो. मोठा आकडा ठेवायचा तर बी आणि सी अशा दोन वाट्या जोडीनं घ्यायच्या. स्वयंपाक जो काय करायचा तो ह्या डब्यावर. वाटीत आधीचं काही असेल आणि तुम्ही नवं ओतलंत तर जुनं गेलं. ते कुठे काढून ठेवायचं राहिलं तर दोष तुमचा. ‘एलडी ए, २’ म्हणजे ए वाटीत २ घाल. तक्त्यात एलडी ए चा आकडा ६२, म्हणून लिहायचं ६२, २. असेंब्लर नावाचा प्रोग्रॅम हे भाषांतर आपोआप करून देतो. माझ्याकडे तो नव्हता. शंभर पानी वही होती. डाव्या पानावर हुकूम, उजव्या पानावर आकडे, आणि मागे उडी मारायची असेल तर बोटांवर मोजून २५६ मधून वजा.

पहिला प्रोग्रॅम पाच बाइटांचा, म्हणजे पाच आकड्यांचा. ६२, २, २११, २५४, २०१. ए मध्ये २ घाल, तो २५४ नंबरच्या दारातून बाहेर पाठव, आणि परत ये. त्या दारातून गेलेला आकडा बॉर्डरचा रंग ठरवतो.

ह्या बॉर्डरबद्दल जरा थांबून सांगायला हवं. स्पेक्ट्रमचा पडदा म्हणजे मधला चौकोन, २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा. त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला मेमरीत जागा आहे. रंगांसकट सगळे मिळून ६९१२ बाइट. तिथे एकदा लिहिलंत की ते राहतं. त्या चौकोनाभोवती टीव्हीच्या काचेपर्यंत जी रुंद पट्टी उरते ती बॉर्डर. दिसायला पडद्याचाच भाग, पण मेमरीत तिच्यासाठी एक बाइटसुद्धा राखलेला नाही. तिथे अक्षर लिहिता येत नाही, ठिपका काढता येत नाही. एका वेळी एक रंग, तोही दारातून शेवटचा जो आकडा गेला असेल तो. मामा आम्हाला चेष्टेनं ‘बॉर्डरवाले’ म्हणायचा, त्यामुळे मॅन्युअलमध्ये हा शब्द पहिल्यांदा दिसला तेव्हा मला उगाच आपल्याबद्दल काहीतरी छापून आल्यासारखं वाटलं होतं.

तर पाच बाइट. ताई वहीतून आकडे वाचायची, मी टाइप करायचो. ती बारावीला होती, तिला ह्यात काडीचा रस नव्हता, पण मंत्रपुष्पांजली म्हणावी तशा ठेक्यात ‘बासष्ट, दोन, दोनशे अकरा’ म्हणायची. आकडे मेमरीत भरायला बेसिकमधला एक छोटा फेरा लिहिला होता: फॉर, रीड, पोक, नेक्स्ट. मग पन्नासाव्या ओळीत मशीन कोड, म्हणजे ते भरलेले आकडे, चालू करण्याचा हुकूम. चालवला. बॉर्डर पांढरीची काळसर करडी झाली. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, म्हणजे तो लाल होता असं समजायचं. आणि खाली संदेश आला: नेक्स्ट विदाउट फॉर, ओळ ५०.

पन्नासाव्या ओळीत नेक्स्ट नव्हताच. मी तो फेरा आठ दिवस तपासला. फॉर आहे, नेक्स्ट आहे, दोघांचं नाव एक आहे. पुसून पुन्हा लिहिला. वीज गेली, पुन्हा लिहिला. दर वेळी बॉर्डर काळसर व्हायची आणि तीच तक्रार यायची. आणखी एक त्रास: संदेश वाचून कुठलंही बटण दाबलं की बॉर्डर पुन्हा पांढरी. मी केलेला रंग राहतच नव्हता.

नवव्या दिवशी मेमरीत खरोखर काय गेलंय ते एकेक बाइट छापून बघायची अक्कल आली. पाचवा आकडा २०७ निघाला. माझा इंग्रजी एक आकडी काढलेला, टेकू न दिलेला. ताईनं तो सात वाचला होता. आठ दिवस ती इमानानं ‘दोनशे सात’ म्हणत होती आणि मी इमानानं ते टाइप करत होतो. २०१ म्हणजे परत ये. २०७ म्हणजे रॉममधल्या, मशीनच्या कायमच्या मेमरीतल्या, आठव्या पत्त्यावर जा. तिथे तक्रारीचं खातं बसलेलं असतं. ते पुढचा बाइट उचलतं आणि त्या नंबरची चूक जाहीर करतं. पुढे माझी मेमरी रिकामी, म्हणजे शून्य. शून्य म्हणजे यादीतली एक नंबरची चूक. ती चूक म्हणजे नेक्स्ट विदाउट फॉर. फेरा बिचारा पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

बटण दाबल्यावर रंग का जातो ते पुष्कळ वर्षांनी कळलं. बटणाचा जो ‘टिक’ आवाज येतो तोही त्याच २५४ च्या दारातून जातो, आणि त्या आकड्यात आवाज आणि रंग दोन्ही एकत्र असतात. मग टिक करणारा रॉमचा तुकडा रंग कुठला घालायचा हे २३६२४ व्या पत्त्यावरच्या नोंदीत बघतो. मी दारातून थेट लाल पाठवला होता, पण नोंद बदललीच नव्हती. नोंदीत पांढरा होता. सरकारी दप्तरात जे आहे ते खरं, डोळ्यांना दिसतं ते तात्पुरतं. आमच्या भागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, उद्यमबागेतल्या कारखान्यात टर्नर होते, लेथवर काम करायचे. सकाळी सायकलवर डबा लावून जायचे, संध्याकाळी तिसऱ्या गेटवर रेल्वे आडवी आली तर उशीर. माझ्या ह्या उद्योगावर ते काही बोलायचे नाहीत. बातम्यांच्या वेळी टीव्ही मोकळा मिळाला म्हणजे झालं.

माझं पुढचं वेड असं की बॉर्डरवर एकच रंग का, वर एक आणि खाली एक का नको? मेमरी नाही, म्हणून जागेच्या हिशोबानं ते होणार नाही. पण टीव्हीचं चित्र एकदम उमटत नाही. वरून खाली एकेक रेघ ओढली जाते, सेकंदाला पन्नास वेळा. रेघ वर असताना एक रंग पाठवला, आणि ती नेमकी मध्यावर आली की दुसरा, तर? त्यासाठी दोनच गोष्टी हव्यात. नवं चित्र कधी सुरू होतं ते कळायला हवं, आणि मध्यापर्यंत वाट बघता यायला हवी. पहिलीसाठी हॉल्ट नावाचा हुकूम आहे, आकडा ११८. प्रोसेसर जागच्या जागी थांबतो आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा ठोका पडला की पुढे निघतो. दुसरीसाठी बी-सी जोडीत एक आकडा घालायचा आणि तो एकेकानं कमी करत शून्यापर्यंत न्यायचा. काही साध्य करायचं नाही, नुसता वेळ काढायचा. सगळं मिळून एकोणीस बाइट. रंग कुठले घ्यावेत? पडदा पांढरा, अक्षरं काळी, म्हणून हे दोन सोडून फिकट दिसणारा ६ वर आणि गडद दिसणारा २ खाली. सिंक्लेअरनं रंगांचे नंबर उजेडाच्या चढत्या क्रमानं लावलेत, त्यामुळे आमच्या टीव्हीवरही फरक चांगला दिसायचा.

बी-सी मध्ये किती घालायचं ते मी चाचपडत काढलं. हजारला दोन रंगांमधला सांधा वर राहिला, दोन हजारला पार तळाशी गेला. १३४० ला बरोबर मधोमध. आज हिशोब मांडता येतो: ठोक्यापासून पडद्याच्या पहिल्या ओळीपर्यंत ६४ रेघा, अर्ध्या पडद्याच्या ९६, मिळून १६०. प्रत्येक रेघेला प्रोसेसरच्या घड्याळाचे २२४ ठोके, हे ठोके वेगळे, खूप बारीक. म्हणजे ३५८४०. माझ्या वेळकाढू फेऱ्याला दर खेपेला २६. भागून आकडा थोडा जास्त येतो. तो थोडा कुठे जातो ते पुढे.

मी असा १३३०, १३५० करत बसलेलो असताना आप्पा मागे येऊन उभे राहिले.

“काय करूलालास?”

सांगितलं. हॉल्ट सांगितला, रेघ सांगितली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि कॉम्प्युटर ही मामाची श्रीमंती आहे असं त्यांचं मत होतं. ते खुर्ची ओढून बसले.

“हे आटे काढल्यासारखंच झालं की रे.”

लेथवर आटे एका फटक्यात निघत नाहीत. सहा-सात कट घ्यावे लागतात, आणि दर कटाला टूल आधीच्याच खाचेत उतरायला हवं. जॉब धरणारा चक तर फिरतच असतो. म्हणून टूल वाहून नेणाऱ्या कॅरेजला एक छोटा डायल असतो, त्यावर आकडे असतात. टर्नर कॅरेज चालू करणाऱ्या हाफ नटच्या दांड्यावर हात ठेवून डायलकडे बघत थांबतो. ठरलेला आकडा खुणेवर आला की दांडा खाली. अर्ध्या सेकंदाची घाई केली की टूल दोन आट्यांच्या मधून जातं आणि जॉब भंगारात. आप्पांनी माझ्या वहीत आकृती काढून हे दाखवलं, ११८ च्या बाजूलाच.

“आकडा येस्तवर थांबायचं, हेच तुझं हॉल्ट. नव्हे?”

मी हो म्हटलं. मग त्यांनी बोटानं एक बटण दाबून धरलं. सांधा थोडा खाली घसरला. सोडलं, वर गेला.

“आणि हे का घसरूलालंय?”

माहीत नाही म्हटलं. “मग बघ ते,” म्हणून ते बातम्या लावायला उठले.

समोरच्या घरात कन्नड शाळेतले एक मास्तर राहायचे. गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही त्यांचा. मला माझा बॉर्डर रंगात बघायचा होता. रविवारी दुपारी परवानगी काढून मशीन, टेप, वायरी घेऊन गेलो. मास्तर, बाई, त्यांची दोन मुलं, सगळी समोर बसली. कॅसेट किंचाळत लोड झाली, मी हुकूम दिला.

वर पिवळा. खाली लाल.

मला कळायला एक क्षण लागला. मास्तरांना तेवढाही लागला नाही. “भाळ चलो!” म्हणजे फार छान, म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. “आमचा कन्नड बावटा काढलास की रे! कुणी सांगितलं तुला?” मुलं टाळ्या वाजवू लागली. बाईंनी आतून वाटीत कुंदा आणला. कुणी सांगितलं नव्हतं. ६ आणि २ हे दोन करडे रंग मी उजेड बघून निवडले होते. पण ती वर्षं अशी होती की कुठल्या खांबावर कुठला रंग लागलाय ह्यावरून गल्लीतल्या गप्पा बंद पडायच्या. कुंदा खाल्ला. तो चांगला होता हे कबूल करायला हवं.

घरी येऊन इरेला पेटलो. आता भगवा काढायचा. तक्ता बघितला: काळा, निळा, लाल, जांभळा, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. संपले. भगव्याला नंबरच नाही. चार दिवस विचार करून सुचलं ते असं: एका ठोक्याला लाल, पुढच्या ठोक्याला पिवळा, पुन्हा लाल. सेकंदाला पंचवीस वेळा लाल, पंचवीस वेळा पिवळा. डोळा मिसळून घेईल. हॉल्ट, रंग, हॉल्ट, रंग, मागे जा. बाराच बाइट. अडचण एकच, आमच्या टीव्हीवर ते नुसतं करडं फडफडत होतं. भगवा झालाय की नाही हे बघायला पुन्हा मास्तरांकडेच जाणं आलं.

गेलो. झाला होता. अगदी देवळावरचा नाही, जरा झगझगणारा, ट्यूबलाइट जाताना करते तसा थरथरणारा नारिंगी, पण काचेच्या चारी बाजूंनी. मास्तर बराच वेळ बघत राहिले. रंग कसा केलास म्हणून विचारलं, मी सांगितलं. ते काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात बाई आतून आल्या.

“डोळं दुखूलालेत की रे. बंद कर ते.”

बंद केलं. त्या दिवशी कुंदा नव्हता. पण तो संपलाही असेल.

पुढचं भरभर सांगतो. डिप्लोमाला मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये इंटेलच्या ८०८५ प्रोसेसरचं किट आलं, दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजणारे आकडे दाबायचं. पहिल्या प्रयोगात सरांनी फळ्यावर लिहिलं, एमव्हीआय ए, आणि त्याचा आकडा थ्री ई. थ्री ई म्हणजे बासष्ट, माझ्या एलडी ए चाच आकडा. आरईटी सी नाइन, म्हणजे दोनशे एक. हॉल्टसुद्धा तोच. वर्गात घाबरलेली मुलं होती आणि मी एकटा गालात हसत होतो. इंटेल सोडून गेलेल्या फेडेरिको फॅजिनच्या झाइलॉगनं १९७६ मध्ये झेड-८० काढला तो इंटेलच्या ८०८५ आधीच्या ८०८० चे आकडे चालतील असा. हुकमांची नावं मात्र इंटेलची वापरायची नाहीत म्हणून नवी पाडली. आकडा तोच, पाटी दुसरी. २०१४ च्या १ नोव्हेंबरला आमच्या गावाचं नाव सरकारी कागदात बेळगावी झालं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो एमव्हीआय ए.

मी आता उद्यमबागेतच सीएनसीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथचे, प्रोग्रॅम लिहितो. आटे आता डायल बघून कुणी काढत नाही. फॅनकच्या कंट्रोलवर जी ७६ लिहिलं की मशीन स्वतःच चकाचा कोन बघून दर कट त्याच खाचेत उतरवतं. हॉल्टचा आकडाही त्या सोळाच्या मोजणीत ७६ च येतो. निव्वळ योगायोग आहे, ह्यात काही शोधू नका. मी मात्र शोधत बसलो होतो एक रात्र.

२०२४ च्या जूनमध्ये झाइलॉगनं जुन्या झेड-८० च्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या. बातमी वाचली आणि माळ्यावरून खोका काढला. मशीनला वीज दिली तर जिवंत आहे, पण कीबोर्डाखालची पातळ पट्टी हात लावताच पापडासारखी मोडली. ह्या मॉडेलांचा तो ठरलेला रोग. भजनांची कॅसेट ताईकडे, तिनं दोन्ही बाजू जपल्यात. वही मात्र सापडली. आकृतीसकट.

लॅपटॉपवर इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, घातला आणि वहीतले एकोणीस आकडे भरले. २०१ कुठे आहे का बघितलं. ह्यात परत यायचं नाहीच, त्यामुळे तो नाही. आप्पांचं वय आता ब्याऐंशी. मोतीबिंदू झाला, कानाला यंत्र आहे. त्यांच्या मांडीवर लॅपटॉप ठेवला. वर पिवळा, खाली लाल. त्यांनी रंगाबद्दल काही विचारलं नाही. सांध्याजवळ नाक नेऊन बघत राहिले.

मग बोट कीबोर्डावर फिरवून एक बटण दाबून धरलं. सांधा खाली घसरला.

“अजून घसरूलालंय,” ते म्हणाले.

ह्या वेळी मला उत्तर माहीत होतं. ठोका पडला की आधी रॉम कीबोर्ड तपासतं, आणि मग माझ्या हुकमांची पाळी येते. भागाकारात कमी पडणारे ते घड्याळाचे हजारभर ठोके त्यातच जातात. बटण दाबलेलं असेल तर रॉमला कुठलं ते ओळखायला जास्त वेळ लागतो, माझा फेरा उशिरा सुरू होतो, आणि तेवढ्यात टीव्हीची रेघ आणखी थोडी खाली उतरलेली असते. हे सगळं मी त्यांच्या यंत्राच्या कानात मोठ्यानं सांगितलं.

“म्हणजे डायल बरोबर होता,” ते म्हणाले. “हात उशिरा पडूलालता.”

त्यांनी बटण सोडलं, सांधा वर गेला. पुन्हा दाबलं. पुन्हा सोडलं. आई आतून चहा झाला म्हणून दोनदा ओरडली, तरी त्यांचं चाललंच होतं.